कुमारकथेतील छळ आणि घरातील मौन
‘झोंबी’, लंपनकथा आणि ‘शाळा’ यांच्या अनुरोधाने

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या मुलाला त्याच्याच वर्गातील मुलांनी हेतुपुरस्सर आणि वारंवार त्रास द्यावा, ह्या व्यवहाराला मराठीत एकच एक नाव नाही. चिडवणे, खोड्या काढणे, टर उडवणे, दांडगाई, दादागिरी, छळ असे अनेक शब्द आहेत. परंतु त्यांतील प्रत्येक शब्द त्या व्यवहाराकडे निराळ्या जागेवरून पाहतो. त्रास देणारा त्याला गंमत म्हणतो, पाहणारा खोड्या म्हणतो, शिक्षक बेशिस्त म्हणतात. आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवतो त्याच्यापाशी बहुधा शब्दच नसतो. ही केवळ शब्दकोशातील उणीव नव्हे. अनुभवाला नाव नसले की तो दुसऱ्याला सांगता येत नाही आणि सांगता न आल्यामुळे तो पुढेही चालू राहतो.

मानसशास्त्राने ह्या व्यवहाराची व्याख्या त्या मानाने अलीकडे केली. डॅन ओल्वेयस ह्या संशोधकाने १९७० नंतर स्वीडन व नॉर्वे ह्या देशांतील शाळांचा जो अभ्यास केला, त्यातून छळाची तीन लक्षणे पुढे सर्वमान्य झाली : त्रास देण्याचा हेतू, त्याची पुनरावृत्ती आणि दोन पक्षांतील बळाची विषमता. समान बळाच्या दोन मुलांचे भांडण हा छळ नव्हे. ज्याला उलट उत्तर देता येत नाही त्याला पुनःपुन्हा गाठणे हा छळ होय.

ही तीन लक्षणे शाळेच्या आवारात दिसणारी आहेत. कथावाङ्मयाचा विचार करू लागताच एक चौथे लक्षण पुढे येते आणि ते शाळेत नव्हे, घरात दिसते. छळ सोसणारे मूल घरी काही सांगत नाही. का सांगत नाही, हा प्रश्न प्रश्नावलीने सुटणारा नाही. कारण त्याचे उत्तर त्या घरातील माणसांचे परस्परसंबंध कसे आहेत यावर अवलंबून असते. ते संबंध आतून दाखविणे हे कथेचे क्षेत्र होय. मराठी कथाकादंबऱ्यांतील कुमारवयीन नायकांकडे ह्या दृष्टीने पाहिले असता असे आढळते, की शाळेतील छळ आणि घरातील ताण हे दोन स्वतंत्र विषय नसून एकाच विषयाच्या दोन बाजू आहेत. छळ जितका छळणाऱ्याच्या बळावर टिकतो, तितकाच तो घरातील मौनावर टिकतो. प्रस्तुत लेखात हे विधान काही प्रसिद्ध कृतींच्या आधारे तपासून पाहिले आहे.

२. कुमारांसाठी आणि कुमारांविषयी

प्रारंभी एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. कुमारांसाठी लिहिलेले वाङ्मय आणि कुमारांविषयी लिहिलेले वाङ्मय ह्या दोन गोष्टी भिन्न होत. इंग्रजीत कुमारकादंबरी हा स्वतंत्र वर्ग १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एस. ई. हिंटन यांच्या ‘दि आउटसायडर्स’ ह्या कादंबरीपासून दृढ झाला असे सामान्यतः मानले जाते. ही लेखिका स्वतःच त्या वेळी कुमारवयात होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९७४ मधील रॉबर्ट कॉर्मियर यांच्या ‘दि चॉकलेट वॉर’ ह्या कादंबरीने तर शाळेतील संघटित छळ हाच विषय केला. तिचा नायक जेरी रेनॉल्ट शाळेच्या निधीसाठी चॉकलेटे विकण्यास नकार देतो आणि सबंध शाळा त्याच्यावर उलटते. कादंबरीचा वाचक सहसा त्या शाळेतील क्रौर्य लक्षात ठेवतो. परंतु जेरीची आई नुकतीच वारली आहे आणि त्याचे वडील दुःखाने बधिर होऊन दिवस ढकलीत आहेत, ही पार्श्वभूमी लेखकाने सहेतुक योजलेली आहे. जेरीने सांगावे तरी कोणाला? घरात माणूस आहे, पण ऐकणारा नाही.

ह्याच्या उलट थॉमस ह्यूज यांची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही १८५७ मधील कादंबरी पाहावी. तिच्यात फ्लॅशमन ह्या दांडग्या मुलाचा जाच आहे. परंतु तो निवासी शाळेतील जाच आहे, घर फार दूर आहे, आणि त्यावरील उपाय मित्र, धैर्य व थोर मुख्याध्यापक यांच्याकडून येतो. घराचा प्रश्नच तेथे उपस्थित होत नाही.

मराठीत कुमारांसाठी लिहिल्या गेलेल्या साहसकथांनी बहुतांशी हाच दुसरा मार्ग पत्करला. भा. रा. भागवत यांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ हे मासिक सुरू केले आणि पुढे फास्टर फेणे हा त्यांचा नायक पिढ्यान् पिढ्यांच्या परिचयाचा झाला. फुरसुंगीचा हा मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो. घरापासून तो सुटा आहे, म्हणूनच सायकलीवर टांग टाकून तो संकटाच्या मागे धावू शकतो. साहसकथेला आईवडील दूर असावे लागतात; ते जवळ असले तर साहस पहिल्याच पानावर संपेल. हा त्या कथाप्रकाराचा दोष नव्हे, ती त्याची गरज आहे. मात्र तिचा एक परिणाम असा झाला, की घरातील ताण हा विषय कुमारांसाठी लिहिलेल्या कथेतून बाजूला राहिला आणि तो प्रौढांसाठी लिहिलेल्या, कुमारांविषयीच्या वाङ्मयात प्रकट झाला. म्हणून ह्या विषयाचा मराठीपुरता शोध घ्यावयाचा तर दुसऱ्या वर्गाकडेच वळावे लागते.

३. जगाचे बोलणे आणि आईचा मार

ह्या दुसऱ्या वर्गाच्या उगमाशी ‘श्यामची आई’ उभी आहे. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले आणि ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. मातृप्रेमाचे स्तोत्र अशी त्याची ख्याती आहे. पण त्यातील घर हे ताणांनी भरलेले घर आहे. भावाभावांतील वाटण्या, वाढते कर्ज, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान हे सारे त्यात आहे आणि ते मुलाच्या डोळ्यांसमोर घडते.

पोहण्याचा प्रसंग ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीकडे पिटाळते. पुढे त्याच्या अंगावरील वळ पाहून तिचे डोळे भरून येतात आणि ती आपल्या मारण्याचे कारण सांगते : लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नाही. म्हणजे बाहेरच्यांची टवाळी घरात आईच्या हातातील शिंपटीच्या रूपाने शिरते. आई छळणाऱ्यांच्या बाजूची नाही. तरी त्यांचेच म्हणणे ती आपल्या हाताने मुलापर्यंत पोचविते. मात्र श्यामच्या बाबतीत एक गोष्ट घडते, जी पुढील पुष्कळशा कथांत घडत नाही. आई बोलते. मारल्यानंतर ती कारण सांगते, आणि त्या सांगण्याने मारण्याचा अर्थ बदलतो.

अर्थात हे सर्व प्रौढ श्याम रात्रीमागून रात्री आपल्या सोबत्यांना सांगत आहे, हे विसरता येत नाही. आठवणीत आईचा मार हा प्रेमाचा पुरावा ठरला आहे. त्या दिवशी विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाला तो तसाच वाटला होता काय, हे स्मरणकथा सांगू शकत नाही. स्मरणरूप निवेदनाची ही मर्यादा होय : त्यात प्रत्येक दुःखाला पुढे लागलेला अर्थ आधीच चिकटलेला असतो.

४. ‘झोंबी’ : आडमार्गाने सांगणे

आनंद यादव यांची ‘झोंबी’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली व १९९० मध्ये तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यातील एक भाग हिंदी भाषांतराच्या रूपाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या हिंदी पूरक पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाला आणि त्यामुळे कागल परिसरातील ह्या मुलाची कथा महाराष्ट्राबाहेरच्या कुमार वाचकांपर्यंत पोचली. शाळेतील छळ आणि घरातील ताण यांचा सांधा ह्या कृतीइतका स्पष्टपणे क्वचितच दिसतो.

वडिलांनी मुलाला शाळेतून काढून शेतीच्या कामाला जुंपले आहे. मुलाला शिकावयाचे आहे, आईचाही त्याला पाठिंबा आहे; परंतु वडिलांशी सरळ बोलण्याची दोघांचीही छाती नाही. म्हणून मायलेक गावातील दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जातात, त्यांच्या कानावर सर्व घालतात आणि आम्ही येथे आलो होतो हे घरी कळू देऊ नका, असेही विनवितात. देसाई वडिलांना बोलावून कानउघाडणी करतात. वडील अटी घालून शाळेला संमती देतात : सकाळी शाळेच्या वेळेपर्यंत शेतात काम करावयाचे आणि सुटल्यावर गुरे चारावयाची. ज्या घरात मुलगा आपली इच्छा वडिलांना सांगण्यासाठी गावातील तिसऱ्या माणसाचा दरवाजा ठोठावतो, त्या घरातील अंतर मोजण्यास आणखी साधन लागत नाही.

त्यानंतर शाळेचा प्रसंग येतो. मुलगा पाचवीच्या वर्गात परत बसतो. बरोबरीचे सोबती पुढे गेले आहेत. वर्गातील मुले वयाने लहान आहेत आणि त्याचे कपडे वर्गाला शोभणारे नाहीत. चव्हाण आडनावाचा एक खोडकर मुलगा त्याचा डोक्याचा गमछा ओढून घेतो, स्वतःच्या डोक्याला गुंडाळून मास्तरांची नक्कल करतो आणि मग तो टेबलावर टाकून देतो. मधल्या सुटीत धोतर ओढण्याचाही प्रकार होतो. ओल्वेयस यांनी सांगितलेली बळाची विषमता येथे शरीराची नाही. छळला जाणारा मुलगा वयाने मोठा आहे. दुबळा आहे तो केवळ वेषाने आणि वर्गातील परकेपणाने. विषमता कशाची, हे त्या त्या समाजावर ठरते, हा ह्या प्रसंगाचा पहिला बोध होय.

दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. अपमानित मुलाच्या मनात विचार येतो तो असा, की ह्या शाळेपेक्षा शेत बरे. म्हणजे छळाने जवळजवळ तेच साधले असते जे वडिलांना साधावयाचे होते. वडिलांना ही गोष्ट सांगणे म्हणजे त्यांच्या हाती शाळा बंद करण्याचे कारण देणे. म्हणून छळाची तक्रार घरात पोचतच नाही. पोचते ती नव्या टोपीची आणि नाडीच्या चड्डीची मागणी, आणि तीही आईपाशी. तक्रारीचे असे मागणीत रूपांतर होणे हे कुमारवयाचे फार खरे चित्रण आहे. मूल आपले दुःख सांगत नाही, वस्तू मागते. ऐकणाऱ्याला त्या वस्तूमागील दुःख ऐकू आले तर आले.

ह्या छळाचा शेवट कशाने होतो, हेही पाहण्यासारखे आहे. चव्हाणाला कोणी शिक्षा केली म्हणून तो संपत नाही. वर्गात मंत्री नावाचे गणिताचे कडक मास्तर येतात, दांडग्या मुलांना जरब बसते. वसंत पाटील ह्या हुशार मुलाचे अनुकरण करीत नायक अभ्यासाला लागतो. आणि मास्तर त्याला आनंदा म्हणून हाक मारू लागतात. नावाने हाक येणे ही बाब वरवर किरकोळ दिसते. परंतु ज्याला वर्गाने गमछ्यावरून ओळखले होते, त्याला आता नावाने ओळखले जाते. पुढे सौंदलगेकर मास्तरांच्या सहवासात त्याला कवितेची गोडी लागते आणि शेतात एकट्याने काम करण्याचा जो वेळ पूर्वी जाचक वाटे, तोच कविता म्हणण्याचा वेळ होतो.

५. लंपन : भांडणावाचून ताण

घरातील ताण म्हणजे भांडण किंवा मारझोडच, असा समज प्रकाश नारायण संत यांच्या लंपनकथांनी दूर केला. ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि लेखकाच्या २००३ मधील निधनानंतर आलेले ‘झुंबर’ ह्या चार पुस्तकांत लंपन हा एकच मुलगा निवेदक आहे. बेळगावी वळणाची, कानडीच्या शेजारात वाढलेली मराठी तो बोलतो. आईवडील आणि भावंडे एका गावी, लंपन आजी-आजोबांकडे दुसऱ्या गावी, अशी त्याच्या घराची रचना आहे.

येथे कोणी दुष्ट नाही. आजीचे रागावणेसुद्धा मायेचे आहे. तरीही पहिल्याच पुस्तकाला ‘वनवास’ हे नाव आहे. मोठ्यांनी मुलाच्या हिताचा म्हणून एक निर्णय घेतला आणि तो घेताना मुलाला विचारले नाही. एवढ्यानेच ताण निर्माण झाला आहे. लंपनला तो नीट सांगता येत नाही. तो आपल्या भावना मोठमोठ्या, मनाने ठरविलेल्या आकड्यांनी मोजतो आणि वाचक हसतो. पण हे आकडे म्हणजे शब्द अपुरे पडलेल्या मुलाने शोधलेले माप आहे. पुढील कथांत वडिलांचा मृत्यू येतो, तेव्हा आधीच्या दुराव्याचा अर्थ पालटतो : जो काळ एकत्र घालविता आला असता, तो आता परत येणार नाही. लेखकाचे वडील ना. मा. संत १९४६ मध्ये वारले तेव्हा लेखक बालवयात होता, ही चरित्रातील गोष्ट कथेच्या जागी ठेवण्याचे कारण नाही. परंतु अनुभवाचे मूळ किती खोल होते ते तिने ध्यानात येते.

निवेदनाच्या दृष्टीने लंपनकथा ‘श्यामची आई’च्या दुसऱ्या टोकाला आहेत. प्रौढ झालेला लंपन मध्ये येऊन अर्थ सांगत नाही. मुलाला जेवढे कळते तेवढेच पानावर येते, आणि त्याला न कळलेले वाचकाला कळते. मौन सांगता येत नाही, दाखविता येते. आणि ते दाखविण्याची ही पद्धती मराठी कुमारकथेची मोठी कमाई होय.

६. ‘शाळा’ : छळणाऱ्याच्या बाजूने

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळातील, १९७५-७६ च्या सुमाराची नववीची शाळा हा तिचा अवकाश. मुकुंद जोशी हा निवेदक. सुऱ्या म्हात्रे, चित्रे आणि फावड्या हे त्याचे सोबती. कादंबरीतील जवळजवळ प्रत्येक माणसाला मुलांनी टोपणनाव दिलेले आहे, आणि त्या नावांत प्रेम व टवाळी यांची सरमिसळ आहे. कादंबरीचे पुष्कळसे वाचनसुख ह्या भाषेत आहे.

परंतु हीच भाषा चिकित्सेचाही विषय झाली पाहिजे. मुलींच्या वाटेवर उभे राहणे, त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा पाठ करणे, वर्गात त्यांच्यावरून एकमेकांना चिडवणे हे सर्व मुकुंद आणि त्याचे मित्र करतात. निवेदन मुकुंदाचे असल्यामुळे वाचकाला त्यातील कोवळीक जाणवते, आणि ती खोटीही नाही. मात्र त्याच घटना ज्या मुलीच्या मागे चार मुले लागली आहेत तिच्या तोंडून ऐकल्या, तर त्यांना दुसरे नाव मिळेल. कादंबरी ते नाव देत नाही. निवेदकाला ते ठाऊक नाही. ह्यात लेखकाची उणीव पाहण्यापेक्षा निवेदनाच्या जागेचे सामर्थ्य पाहावे. गंमत आणि छळ यांतील सीमा ती ओलांडणाऱ्याला दिसत नाही, हे ‘शाळा’ वाचताना जितके स्पष्ट होते तितके उपदेशाने झाले नसते. ह्याच प्रसंगांचे मुलीच्या बाजूचे निवेदन हा मराठी कुमारकथेपुढील रास्त अपेक्षेचा विषय आहे.

मुकुंदाचे घर ‘झोंबी’तील घरासारखे धाकदपटशाचे नाही. तरीही मनातील मुख्य गोष्ट तो आईवडिलांपाशी बोलत नाही. बोलतो तो नरूमामाशी. येथे मराठी कुटुंबकथेतील एक जुनी योजना नव्याने दिसते. ‘झोंबी’त देसाई व मास्तर, लंपनकथांत आजी, ‘शाळे’त मामा : आईवडील आणि मूल यांच्या मध्ये उभा असलेला एक ऐकणारा माणूस ह्या कथांना लागतो. त्याला अधिकार आहे, पण शिक्षेचा धाक नाही. जेरी रेनॉल्टच्या कथेत नेमका हा माणूस नाही, आणि म्हणून ती कथा तशी संपते. ‘शाळे’च्या शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते तेव्हा हा मधला माणूसही फार काही करू शकत नाही; परंतु दुःख होण्यापूर्वी ते कोणाला तरी ठाऊक होते, एवढ्यानेही फरक पडतो.

७. जेथे मोठेच सामील असतात

वरील विवेचनात एक गृहीत दडलेले आहे : मुलाने सांगितले तर ऐकणारा प्रौढ मदत करू शकेल. दलित आत्मकथनांनी हे गृहीतच तपासावयास लावले. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ मधील ‘अक्करमाशी’त शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुले वेगळी बसून जेवतात आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वाट्याला त्यांचे उरलेले अन्न येते. हे शिक्षकांच्या देखत घडते. येथे कोणी एक चव्हाण नाही, आणि वर्तनाला बेशिस्तही म्हणता येत नाही. उलट तीच तेथील शिस्त आहे. त्याच पुस्तकात शाळेच्या दप्तरात बापाचे नाव काय लावावे, हा प्रश्न मुलापुढे उभा राहतो. घरातील सर्वांत वेदनेची गोष्ट शाळेच्या एका रकान्यात उघडी पडते. घर आणि शाळा यांमधील भिंत येथे उरतच नाही.

ओल्वेयस यांची व्याख्या येथे अपुरी पडते. बळाची विषमता दोन मुलांमधील नसून दोन समूहांमधील आहे, आणि ती मुले शाळेत येण्यापूर्वीच ठरलेली आहे. मूल घरी सांगत नाही ते घरात कोणी ऐकणार नाही म्हणून नव्हे, तर घरातील माणसे तेच सोसत आहेत हे त्याला दिसते म्हणून. ह्या मौनाची जात निराळी आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) ह्या चित्रपटाने हा प्रश्न पाहणाऱ्यांपर्यंत नेला. डुकरे पकडणाऱ्या जब्याच्या कुटुंबाची वर्गसोबत्यांसमोर विटंबना होते, बघे हसतात, आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. छळाच्या प्रसंगी दोन नव्हे तर तीन पक्ष असतात. तिसरा पक्ष बघ्यांचा, आणि वाचकही त्यात मोडतो.

८. नव्या नगरातील वर्ग

ह्या कृतींतील काही गावे कागल, बेळगाव, सोलापूर यांच्या परिसरातील आहेत. त्यांच्या वाचनातून मिळालेली सूत्रे आजच्या नागर वर्गाला कितपत लागू पडतात, हे पाहण्यास नवी मुंबई हे योग्य ठिकाण आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि त्या वेळच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणारी आगरी-कोळी कुटुंबे एका पिढीत शहरवासी झाली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १९८४ च्या जानेवारीत गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. त्यानंतरच्या काळात साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. मुंबईतील घाऊक बाजार वाशीला हलले आणि त्यांच्याबरोबर माथाडी कामगारांची कुटुंबेही आली. पुढे लोहमार्गाने कार्यालयीन नोकरदारांची वस्ती वाढविली.

अशा शहरात गावठाणातील मूल, माथाडी कामगाराचे मूल आणि नोकरदाराचे मूल एका बाकावर बसते. तेथे डोक्याचा गमछा नसेल. परंतु बोलीचा हेल, डब्यातील भाजी, आडनाव, वसाहतीचे नाव, हातातील फोन ह्यांतील कोणतीही गोष्ट त्या गमछ्याची जागा घेऊ शकते. ‘शाळे’तील सुऱ्या म्हात्रे ज्या आडनावाचा आहे, ते आडनाव ह्या पट्ट्यात गावोगावी आढळते, तेथील वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. घरांतील ताणांचे स्वरूपही ह्या स्थित्यंतराने घडविले आहे. आजोबांचे शेत गेले, बापाने भूखंडाचे पैसे पाहिले, नातू इंग्रजी माध्यमात शिकतो. ह्या तिघांची दुःखे तीन भाषांत आहेत आणि एकाला दुसऱ्याची भाषा येईलच असे नाही.

दोन गोष्टी मात्र खरोखरच बदलल्या आहेत. पहिली म्हणजे मधला माणूस दुर्मीळ झाला आहे. दोन खोल्यांच्या सदनिकेत आजीला जागा नसते, मामा दुसऱ्या शहरात असतो. दुसरी म्हणजे छळाला पूर्वी शाळेची घंटा मर्यादा घालीत असे. ‘झोंबी’तील मुलगा गुरांमागे गेला की चव्हाणापासून सुटत असे. फोनवरून होणारा छळ मुलाबरोबर घरात येतो, जेवणाच्या वेळी आणि निजताना त्याच्या हातात असतो; आणि शेजारी बसलेल्या आईवडिलांना तो ऐकूही येत नाही. घरातील मौन पूर्वी छळाला झाकीत असे. आता छळ त्या मौनाच्या आतच राहू लागला आहे.

९. समारोप

महाराष्ट्रात रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा १९९९ मध्ये झाला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ मधील अधिनियमाच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांना मनाई केली. कायद्याने अनुभवाला नाव दिले, हे मोठे कार्य आहे. परंतु कायदा तक्रारीपासून सुरू होतो आणि कथा तक्रार का आली नाही तेथून. कथा वाचल्याने छळ थांबतो असा दावा करण्याचे कारण नाही, आणि उपाय सांगण्यासाठीच लिहिलेली कथा बहुधा कथा राहत नाही. तिचे काम वेगळे आहे. टोपी मागणाऱ्या मुलाच्या मनात टोपी नसून दुसरेच काही आहे, हे ती वाचकाला ऐकू आणून देते.

ह्यावरून कुमारकथेच्या अभ्यासकास तीन प्रश्न हाती धरता येतील. निवेदन कोणाच्या जागेवरून होत आहे : आठवणाऱ्याच्या, सोसणाऱ्याच्या, छळणाऱ्याच्या की पाहणाऱ्याच्या? घरातील मौनाचे कारण कोणते : भीती, माया, की सर्वांनीच सोसत असण्याची लाज? आणि ऐकणारा मधला माणूस कथेत आहे काय, नसल्यास त्याची जागा कोणी घेतली आहे? ज्या कृती ह्या प्रश्नांना उत्तरे देतात त्या बहुतेक प्रौढांसाठी लिहिलेल्या आहेत, आणि ज्यांच्याविषयी त्या आहेत ते वाचक त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतात. विद्यापीठातून बाहेर पडून शाळांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण पुढे शिक्षक होतील. वर्गातील एखाद्या मुलाच्या हाती योग्य वेळी योग्य पुस्तक देणे हे काम त्यांच्याकडे येईल. आणि ते मूल काही दिवसांनी पुस्तक परत करावयास आल्यावर रेंगाळत उभे राहिले, तर त्याचे ऐकून घेण्याचे कामही त्यांचेच असेल.